बोटभर बाजूला

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सरांचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी. आईला हे माहीत आहे आणि तिची हरकत नाही. उलट गावी गेलो की ती आधी सरांचीच तब्येत विचारते. तिने त्यांना कधी पाहिलेलं नाही.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पुण्याला एम.एस्सी. करताना मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या मामाच्या खोलीवर राहत होतो. निकालानंतर एका संशोधन संस्थेत सहायकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. समोर सर बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"समुद्र पाहिलायस?"

"नाही, सर."

"बरं झालं. ज्यांनी पाहिलाय ते तिथे गेले की फोटो काढत बसतात."

दुसऱ्या दिवशी मी कामावर रुजू झालो. सरांनी मला सगळं शिकवलं. कुठलाही शोधनिबंध इंग्रजीत मांडायच्या आधी ते मला तो प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर मराठीत सांगायला लावत. "मराठीत सांगता येत नाही म्हणजे तुला कळलेलं नाही," असं त्यांचं म्हणणं. माझी पीएच.डी. अशी मराठीतून इंग्रजीत झाली.

आमचं काम विचित्र होतं. बसायचो पुण्यात आणि अभ्यास करायचो रायगडातल्या एका खाडीचा. टेबलामागच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक लावलेलं असे. ऑफिसातले हेडक्लार्क येता-जाता विचारत, "काय, आज मुठेला भरती किती वाजता?" शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाई आमच्या फ्रिजमधल्या गाळाच्या वासाला वैतागून एकदा म्हणाल्या, "अहो, तो फ्रिज तरी बंद करा, नाहीतर आम्हाला तरी सुट्टी द्या."

खाडीच्या काठाला तिवरांच्या मागे खारट गवताचा एक लांबलचक पट्टा आहे. त्याला खाजण म्हणतात. त्याच्या मागे मातीचा जुना बंधारा, बंधाऱ्याच्या आत भातशेती आणि वाडीतली घरं. भरतीचं पाणी आधी खाजणावर पसरतं, त्याचा जोर तिथेच मोडतो आणि मग ते बंधाऱ्याला लागतं. खाजण खचलं तर बंधारा उघडा पडेल. म्हणून ते खचतंय की टिकतंय, हे सर कित्येक वर्षं मोजत आले होते.

मोजण्याची पद्धत साधी आहे. चिखलात खोलवर, अगदी खडकाला टेकेपर्यंत, स्टीलचे खांब ठोकलेले आहेत. ते हलत नाहीत. खांबावर हातभर लांबीची आडवी पट्टी बसवायची. तिच्या भोकांतून नऊ बारीक सळया खाली सोडायच्या, चिखलाला टेकल्या की पट्टीच्या वर सळई किती उरली ते मिलिमीटरमध्ये लिहायचं. मग पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूला तेच. जमीन वाढली की सळया वर येतात, खचली की खाली जातात. पावसाच्या आधी एकदा, नंतर एकदा.

पहिल्याच फेरीत माझी एक सळई खेकड्याच्या बिळात गेली. बरीच खाली गेली. मी आकडा लिहायला लागलो तर सरांनी हात धरला.

"हे काय लिहितोयस? आपल्याला जमिनीची उंची हवी आहे, खेकड्याच्या घराची खोली नाही. सळई जरा तिरकी धर आणि बोटभर बाजूला घट्ट चिखलावर टेकव."

मी टेकवली. मला ते पटलं होतं. आजही त्यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. तेव्हा एका खांबाशी एखादं, फार तर दोन बिळं असायची. बोटभर बाजूला घ्यायचं हे आमच्यात इतकं अंगवळणी पडलं होतं की कुठल्याही वहीत त्याची नोंद नव्हती. सर निवृत्त झाले आणि सळया माझ्या हातात आल्या. पुढची सहा वर्षं मीही तसंच केलं. आलेखातली रेघ सरळ राहिली. खाजण टिकून होतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी नेहमीसारखा ताम्हिणी घाट उतरून खाडीवर गेलो. आमचा होडीवाला इतक्या वर्षांत खाजणात कधी थांबला नव्हता. मला उतरवून तो मासळीच्या कामाला निघून जाई. त्या दिवशी तो थांबला.

"तिकरं पाय नका ठेवू," तो म्हणाला. "आतशी पोकल हाय सगला."

मी हसलो आणि म्हणालो, "दादा, आमच्या मापात तर काही दिसत नाही."

"तुमचा माप पुन्याला दिसत असल. मना हितं दिसतंय."

बंधाऱ्याकडच्या, आतल्या खांबाशी मी पट्टी बसवली. चौथी सळई सोडली, ती बिळात गेली. सवयीने बोटभर बाजूला घेतली. तिथेही बीळ. दुसरीकडे तिरकी केली, तिथेही. सळई जितकी वाकते तितकी वाकवून मी टेकायला जागा शोधत होतो आणि ती सापडत नव्हती. गवताची मुळं काळी पडून वर आली होती. वारा नव्हता. पाणी ओसरलेलं असूनही पायाखाली कुठेतरी ते गुळगुळ आवाज करत वाहत होतं. शेवटी एका उंचवट्यावर सळई टेकली. तो खेकड्याने उकरून काढलेल्या मातीचा ढीग होता. मी आकडा लिहिला. तो मागच्या वेळेपेक्षा जास्त आला होता. म्हणजे आमच्या हिशेबाने जमीन वाढली होती.

तिथून मी गाळाची एक नळी, म्हणजे पाइप खुपसून उभा काढलेला चिखल, आणली. पुण्यात टेबलावर ती नेहमीसारखी चकत्यांमध्ये कापायला घेतली, पण सुरीला आधार लागेना. अर्ध्यावर नळी मोडली आणि आतून काळं पाणी टेबलभर पसरलं. शेजारच्या बाई दारापर्यंत आल्या, वासाबद्दल काही बोलायला म्हणून, आणि माझ्या तोंडाकडे बघून परत गेल्या.

प्रत्येक मापाच्या वेळी खांबाचा वरून एक फोटो काढायचा, हा सरांचाच कडक नियम होता. आम्ही ते फोटो काढत होतो, साठवत होतो, बघत मात्र नव्हतो. मी ते वर्षावार लावून पाहिले. सुरुवातीला गवत आणि एखादा काळा ठिपका. मग दोन-चार. मग गवत विरळ. शेवटच्या काही फोटोंत ठिपके एकमेकांत मिसळले होते. त्याच तारखांचे आकडे आमच्या तक्त्यात होते, आणि त्यांतला एकही खाली गेलेला नव्हता. जिथे जमीन उरली होती तिथेच आम्ही ती मोजत होतो.

हे सगळं मला भलत्या वेळी कळलं. बंधाऱ्याची उंची वाढवायची की ते काम पुढे ढकलायचं, हे ठरवण्यासाठी सरकारी खात्याने संस्थेचं मत मागवलं होतं. खाजण शाबूत असेल तर घाई नव्हती. मत सर लिहिणार होते. हा अभ्यास त्यांनी सुरू केला होता आणि सहीही त्यांचीच जाणार होती. तक्ता मी पाठवायचा होता.

आता प्रयोगशाळा ज्यांच्याकडे आहे त्या मॅडमना मी फोटो दाखवले.

"सरांना सांगितलंस?"

"नाही."

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि दोन तक्ते नकोत मला. एकच दे. कुठला ते तू ठरव. सळया तुझ्या हातात होत्या."

रविवारी सकाळी मी वारज्याला सरांच्या घरी गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी तो आलेख फ्रेम करून लावलेला आहे, त्या सरळ रेघेचा. काकू पोहे देताना म्हणाल्या, "लोक नातवंडांचे फोटो लावतात. ह्यांनी चिखलाचा लावलाय."

"चिखल उलट उत्तर देत नाही," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बोल. तक्ता झाला?"

"होतोय, सर. एक विचारायचं होतं. सुरुवातीच्या वर्षांत बिळं किती असायची?"

"का? खेकड्यांची शिरगणती काढलीयस की काय?"

"नाही, म्हणजे... आता फार झालीयत."

सरांनी चमचा बशीत ठेवला. काकू आत गेल्या होत्या. खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"फार म्हणजे?"

ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं त्याच्यासमोर मी मराठीतसुद्धा एक वाक्य पूर्ण करू शकलो नाही. "बघतो परत," एवढं म्हणालो.

सर उठून गॅलरीत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. "सोमवारी पाठव," ते म्हणाले. "नेहमी पाठवतोस तसा."

त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पोहे तसेच ठेवून मी निघालो. घरी येऊन पत्र लिहिलं. ईमेल केला असता तर प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे मॅडमना प्रत पाठवावी लागली असती, म्हणून कागदावर लिहिलं आणि सोमवारी सकाळी वारज्याला जाऊन काकूंच्या हातात दिलं. ते असं होतं:

"सर,

काल मला बोलता आलं नाही. ते लिहून कळवतो आहे. राग आला तर समोर बोलावून रागवा.

आपण बिळातली सळई बोटभर बाजूला घ्यायला शिकवलंत. तेव्हा ते बरोबर होतं. पुढे बिळं वाढत गेली आणि आपण घट्ट चिखल शोधत राहिलो. म्हणजे आधी आपण स्वतः आणि नंतर सहा वर्षं मी. मी एकदाही लिहून ठेवलं नाही की सळई सरकवली. ही चूक आपल्याइतकीच माझी आहे, आणि निस्तरायचं काम माझं आहे, कारण अजून मी तिथे जातो.

सोबत सगळे फोटो छापून जोडले आहेत, तारखांसकट. आतले तीन खांब पाहावेत. बिळं का वाढली ते मला माहीत नाही. आधी मुळं सडली की आधी खेकडे आले, हेही माहीत नाही. पण खाजण टिकून आहे असं मी यापुढे लिहू शकत नाही.

आज दुपारी मी मॅडमना तक्ता देणार आहे. आतल्या खांबांचे जुने आकडे त्यात ठेवले आहेत आणि प्रत्येकापुढे लिहिलं आहे की ते भरवशाचे नाहीत. बाकीचे खांबही फोटोंवरून तपासतो आहे. त्यातले किती उरतील सांगता येत नाही. आपल्या इतक्या वर्षांच्या कामावर मी हे लिहिलं, याची मला लाज वाटते आणि तरी लिहिलं आहे. मत लिहिण्याआधी आपण एकदा तिथे यावं अशी विनंती आहे. शनिवारी सकाळी ओहोटी आहे. मी गाडी घेऊन येईन.

अजून एक. बंधाऱ्याच्या आत वाडीची विहीर आहे. होडीवाल्याची बायको सांगत होती की गेल्या दिवाळीपासून विहिरीचं पाणी मचूळ लागतं, आणि उधाणाच्या दिवसांत जास्तच. दोन वेळा तिने मला सांगितलं. आपल्या तक्त्यात विहिरीसाठी रकाना नाही म्हणून मी ते कुठे लिहिलं नव्हतं. परवा मुद्दाम तिथे जाऊन पाणी चाखून पाहिलं. खारट आहे.

आपला विद्यार्थी"