स्पंजची जुनी पट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला, माझ्या बायकोला, तर नाहीच — आणि खरं म्हणजे आधी तिलाच सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही संध्याकाळी माझ्यासमोर चहा घेऊन बसणार नाही. एवढाच माझा धीर.

मी कापडात काम करणारा कलाकार. माग, रंगाई, भरतकाम — तरुणपणापासून हेच. नगरला सावेडीत घर, वरच्या खोलीत काम. चार लोक 'सर' म्हणतात. मला ते आवडतं, आता लपवून काय करू?

त्या खोलीत मी विणकामाचं एक जुनं मशीन आणलं. भिंगारच्या एक बाई त्यावर स्वेटर विणायच्या. डोळे अधू झाले तसं त्यांनी ते मला दिलं. लांबलचक लोखंडी पाट, त्यात ओळीनं सुया, आणि वरून हातानं डावी-उजवीकडे सरकवायची कॅरेज. एकदा सरकवली की एक ओळ विणून होते. बघायला किती सोपं! पण मी सरकवली की टाके सुटायचे. कापडाला ताण राहावा म्हणून खाली वजनं अडकवलेली असतात — त्या वजनांसकट सगळं धाडकन पायावर यायचं. महिनोन्महिने हेच. मी मशीनला शिव्या घालायचो. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणून सुनंदा हसायची.

पण अंगण खरंच वाकडं होतं. सुयांच्या वरून स्पंजची एक लांब पट्टी जाते, ती सुयांना दाबून जागेवर धरते. जुनी झाली की स्पंज बसतो, सुया डगमगतात. बाहेरून काही कळत नाही. शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच हात वाईट. हे मला भिंगारच्या त्या बाईंनीच फोनवर सांगितलं. नवी पट्टी घातली आणि मशीन सुरळीत चालायला लागलं. जुनी मी फेकली नाही. का? तेव्हा मनात काहीच नव्हतं — एवढं मात्र खरं.

मग एका संध्याकाळी सुनंदा सहज मशीनवर बसली. ती शाळेत शिकवते. माहेर खर्ड्याचं, वर्गात पुस्तकी बोलते, घरी खर्ड्याचं. मी 'जपून, जपून' करत होतो, तर म्हणाली, "अवो, मशीन हाय ते, म्हैस न्हाई. लाथ थोडीच मारनार हाय?" आणि कॅरेज सरकवली. एकही टाका सुटला नाही.

पुढच्या काही आठवड्यांत तिनं जे विणलं ना — कसं सांगू? ज्वारी काढून झाल्यावरचं रान होतं ते. करडं, पिवळट, मधेच काळ्या मातीची भेग. आधी चित्र काढणं नाही, रंग ठरवणं नाही. शाळेतल्या गमती सांगत सांगत विणायची. मी मात्र चार-चार कच्ची चित्रं काढून एक ओळ सुरू करणारा! मला वाटायचं, थोडे कष्ट तरी पडू देत हिला. कौतुक वाटलं का? वाटलं. थोडे दिवस. मग पोटात दुखायला लागलं.

पुण्याच्या एक बाई प्रदर्शनं भरवतात. त्या माझं काम बघायला घरी आल्या. माझ्या भिंतीवरच्या कामासमोर 'छान' म्हणाल्या आणि सुनंदाच्या अर्ध्या रानावर हात ठेवून उभ्याच राहिल्या. हे पूर्ण करा, म्हणाल्या, सरांच्या कामाशेजारी लावू. शेजारी! माझ्या! सुनंदानं लाजून माझ्याकडे बघितलं. मी हसलो. आतून जळत होतो, आणि हसलो.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी नवी पट्टी ओढून काढली आणि जुनी सरकवली.

एवढ्यावर थांबलो असतो तर — पण मलाही मशीन लागायचं ना? मग दुपारी तिचं रान उतरवून नवी पट्टी, माझं काम. ती यायच्या आत माझं उतरवून पुन्हा जुनी, आणि तिचं पुन्हा सुयांवर. रोज. रागाच्या भरात केलं म्हणायचीही सोय नाही. रागाच्या भरात माणूस एकदा करतो.

तिचं रान वजनांसकट खाली आलं. तिनं एकेक टाका उचलून पुन्हा सुयांवर चढवलं, ते पुन्हा आलं. मी मागे उभा राहून सांगायचो — हात जड पडतोय तुझा. ती म्हणाली, "मग आधी कसं काय जमलं वो?" सुरुवातीला कुणालाही जमतं, मी म्हणालो. तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी 'सर' होतो. तिनं स्वतःच पुण्याला फोन करून कळवलं, "माझ्याकडून नाही व्हायचं." प्रदर्शनात माझं काम एकटं लागलं. लोकांनी वाहवा केली, आणि — हे सांगायलाच हवं — मला ती गोड लागली. नाचता तिला येत होतं. अंगण मी वाकडं केलं.

त्यानंतर ती मशीनवर बसली नाही. कुणी विचारलं तर 'माझा हात जड' असं स्वतःच हसून सांगते. मी शेजारी असतो.

गेल्या रविवारी आमची मुक्ता वर आली. सहावीत आहे. मी लोकर निवडत होतो, तोवर तिनं कॅरेज सरकवूनही टाकली. सरळ, एकसारखी ओळ. सुनंदा दारातूनच म्हणाली, "नगं गं बाई. तुजा हात माज्यावर गेलाय, जड. पपांचं काम बिघडंल." मुक्तानं हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "आई बरोबर सांगतेय."