मामांची तेरणा

जगातल्या यच्चयावत नद्या म्हणजे तेरणेच्या धाकट्या बहिणी, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मामांचा जन्म तेरणाकाठच्या एका खेड्यातला. नोकरी मात्र धाराशिवच्या स्टँडवर, एसटीच्या कंट्रोलरची. येरमाळा, लोहारा, जळकोट, तुळजापूर असं पुकारत त्यांनी साऱ्या दुनियेला गाडीत बसवून दिलं आणि स्वतः काचेमागच्या खुर्चीत बसून राहिले. निवृत्त झाल्यावर हा तुंबलेला प्रवास जो मोकळा सुटला, तो थेट तेरणेच्या खोऱ्यात. आवाज तेवढा स्टँडवरचाच राहिला. मामा जेवताना मीठ मागतात तेव्हा शेजारच्या गल्लीतला माणूस पिशवी उचलून उभा राहत असावा.

घरी आलेला पाहुणा तेरणा पाहिल्याशिवाय परत गेला, असं सहसा घडत नाही. तीही कशीतरी पाहायची नाही, उगमापासून पाहायची. "माणसाची ओळख पायाकडनं करून घेता का? मग नदीची कशी घेता?" हा त्यांचा सवाल. म्हणून आधी तेरखेडा. तिथं फटाक्यांचे कारखाने आहेत, आणि ते का आहेत याचं मामांकडे पक्कं उत्तर आहे: "इथं तेरणा जन्मली. बारशाला फटाके नगंत व्हय?" मग खाली तेरला यायचं. तेर हे फार जुनं, व्यापाराचं गाव. रोमपर्यंत इथला माल जायचा हे इतिहासात आहे. पण मामांच्या इतिहासात रोमची राणी तेरच्या मलमलीसाठी रुसून बसते, आणि रोमचा व्यापारी तेरच्या बाजारात घासाघीस करताना "लई महाग लावता राव" असं चक्क मराठवाडी बोलतो. एकदा घरातला पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला माणूस आला. मामांनी त्याला विचारलं, "तेर बघितलं का?" तो बिचारा खरं बोलला. संध्याकाळी उन्हानं काळवंडून तो परत आला, गोरोबाकाकांचा प्रसाद मामींच्या हातावर ठेवला आणि हत्यारांची पिशवी घेऊन घरी गेला. फिल्टर अजून तसाच आहे. या सगळ्या वाऱ्यांना गाडी माझी आणि ड्रायव्हरही मीच, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मामांना एकुलती एक मुलगी, वैशाली. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. हुशार आणि मोजकं बोलणारी. तिला पाहायला आलेली दोन स्थळं तेरणेच्या दर्शनातच हातची गेली. एका मुलाच्या आजोबांना तेरच्या जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडावर उन्हात चक्कर आली, आणि दुसऱ्यांनी "घरात एकंदर ताण दिसतो" असं कळवलं. त्यामुळे नाशिकचं स्थळ आलं तेव्हा मामींनी देवासमोर उभं करून मामांकडून वचन घेतलं.

"नदीचं नाव काढायचं न्हाय. पोरीकडं बघा जरा."

मामांनी वचन पाळलं. मुलगा आणि त्याचे आईवडील आले, पोहे झाले, जेवणं झाली, आणि मामा तोंड मिटून असे बसले होते की मुलाच्या आईनं हळूच माझ्या बायकोला विचारलं, "यांची तब्येत बरी असते ना?" सगळं सुरळीत पार पडत होतं. तेवढ्यात मुलाचे वडील सुपारी चघळत म्हणाले, "तुमच्याकडे इथं जवळपास बघण्यासारखं काही आहे का हो?"

मामींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मामांनी मामींकडे पाहिलं. मी आयुष्यात इतकी केविलवाणी नजर पाहिलेली नाही. शेवटी मामीच म्हणाल्या, "जावा. आता त्यांनीच विचारलंय."

आश्विनाचे दिवस होते. दोन गाड्या निघाल्या. तेरखेड्याच्या पुढे शेताच्या कडेला मामांनी गाडी थांबवली आणि हात पसरून घोषणा केली, "ही तेरणा!" समोर गवतातून हातभर रुंदीचं पाणी चाललं होतं. मुलाचे वडील वाकून बघत म्हणाले, "ही? आमच्या नाशकात याला नाला म्हणतील. गोदावरी बघा एकदा येऊन."

मामांचा पसरलेला हात हळूहळू खाली आला. बापाच्या या नदीपायी सगळ्यांत जास्त लाजणारी कोण असेल, तर वैशाली. पण तीच पुढे झाली.

"काका, गोदावरी मोठीच आहे. पण माझे बाबा तुम्हाला स्वतःच्या घरचं माणूस दाखवावं तशी ही नदी दाखवतायत. नाला म्हणू नका."

कोणी कोणाकडे बघेना. हेही स्थळ गेलं, असं मी मनात म्हटलं. मुलगा मात्र वैशालीकडे बघत होता, आणि आल्यापासून पहिल्यांदाच नीट बघत होता. "तेर अजून राहिलंय ना?" तो म्हणाला. "मला बघायचंय."

तेरला मुलगा आणि वैशाली वस्तुसंग्रहालयात गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. इकडे मुलाचे वडील हात धुवायला नदीच्या कडेला उतरले आणि गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलात रुतले. पाय ओढावा तसतसे ते आणखी खाली जात होते. मी काठी शोधत होतो, तोवर मामा इस्त्रीच्या पँटीसकट चिखलात उतरले, त्यांना मिठी मारून बाहेर काढलं, पायरीवर बसवलं, पुन्हा आत जाऊन हरवलेला बूट हाताने चाचपून आणला आणि धुऊन त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं, आता मामा नाल्याचा वचपा काढणार. मामा एवढंच म्हणाले, "लागलं तर न्हाय ना कुठं?"

मुलाच्या वडिलांनी चिखलानं माखलेल्या व्याह्याकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. "तुमची तेरणा पाहुण्याला सोडत नाही बुवा," ते म्हणाले. होकार त्यांनी तिथंच, पायरीवर बसून दिला. मुलाला विचारायची गरज नव्हती.

माघात लग्न झालं आणि वैशाली नाशकाला गेली. त्यानंतर गाडी काढा म्हणून मामांचा मला फोन आला नाही. घरी पाहुणे येत, चहा घेऊन सुखरूप परत जात. एकदा मीच म्हटलं, "मामा, गाडी काढू का?" मामा म्हणाले, "नको, ऊन लई आहे." बाहेर आभाळ भरून आलं होतं. मामी मला दाराशी येऊन म्हणाल्या, "जावईबापू, हे बोलत न्हाईत हो. घर कसं खायला उठतंय."

दिवाळीला वैशाली नवऱ्यासोबत आली. भाऊबीज झाल्यावर तिनं मला म्हटलं, "दाजी, उद्या गाडी काढा. आणि हो, उगमापासून." दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. दिवसभर तीच बोलत होती. रोमची राणी मलमलीसाठी तिच्या तोंडूनही रुसली, व्यापाऱ्यानंही घासाघीस केली. मोजकं बोलणारी पोर हातवारे करून सांगत होती, जावई मान डोलावत ऐकत होता, आणि मामा पाठीमागे उभे राहून नुसते तिच्याकडे बघत होते. जावयानं मध्येच विचारलं, "बाबा, हे खरं आहे का हो?" मामा म्हणाले, "ती सांगतीय ना."

परतताना अंधारून आलं होतं. मागच्या सीटवर वैशाली बापाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली होती. रस्ता मोकळा होता, म्हणून मी जरा वेग वाढवला. मागून मामांचा आवाज आला. इतका हळू आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"सावकाश चला, जावईबापू. उद्या सकाळी तिची गाडी आहे."