बँड म्हणजे काय, मला विचारा

लग्नातल्या अक्षता झटकता येतात, किस्से नाही. ते पदराला चिकटून घरी येतात. नवऱ्यामागं कोल्हापुरात ब्रास बँड मी चालवला, त्यामुळं माझ्याकडं पोतंभर आहेत. निम्मे त्या एका शब्दापायी! नवरा गेला तेव्हा गल्लीनं ठरवलं होतं, बाईच्या हातात बँडपार्टी टिकत नाही. मी ठरवलं, टिकवून दाखवते. क्लॅरोनेट ऐकून शिकले, इंग्रजी डिक्शनरीतून.

*

टोप्यांना लाल पट्टी हवी होती. दुकानात म्हटलं, "लाल बँड दाखव." पोरीनं मनगटात बांधायचे फ्रेंडशिप बँड पुढ्यात ओतले.

"आजी, मैत्रिणी किती?"

"मैत्रिणी कुठल्या? सगळे मिशीवाले बाप्येच हायत!"



*

कळंब्याच्या लग्नात गिटारवाली चार पोरं भेटली. "आजी, आमचाबी बँड हाय की!"

"वरात कुठवर नेता?"

"आम्ही बसून वाजवतो."

"मग जेवता काय चालत?"

*

एक प्राध्यापक मांडवात म्हणाले, "बँड परका शब्द. वाजंत्री म्हणा."

डोकं फिरलं! म्हटलं, "बँड म्हणजे पट्टी, आणि बँड म्हणजे टोळी. पट्टीचं मूळ बांधण्यात, आपल्या 'बंध'चं लांबचं भावंड. टोळी इंग्रजीत फ्रेंचांकडनं आली. तिचंही मूळ बांधण्यातच म्हणतात, कुणी म्हणतं निशाणाखाली जमले ते. आता सांगा, परकं कोण?"

"कुठल्या कॉलेजात होता?"

"वरातीत!"

*

मग डीजे आले. पावणं सांगायचे, "बँड असू दे, पण मागनं चला. आवाज कमी ठेवा."

कमी? ट्रंपेटला काय बटण असतंय?

माणसं गळायला लागली. आमचा क्लॅरोनेटवाला नजीर, पार्टीचा जीव, तोही कागलच्या एमआयडीसीत लागला. "मावशी, तिथं रविवारची सुट्टी हाय." मी बोलणंच टाकलं. त्याच्या जागी स्वतः उभी राहिले.

*

कुरुंदवाडला नजीरच्या लेकीचं लग्न निघालं. वरपक्षाचा डीजे ठरलेला. आमंत्रण मला एकटीला; मी अख्खी पार्टी घेऊन गेले! डीजे अजून वायरी जोडत होता. दारात उभी राहून ओरडले, "वाजवा रे!" आणि क्लॅरोनेट तोंडाला लावलं.

नजीर नव्या शेरवानीत तरातरा बाहेर आला. आमची पार्टी वाजवता वाजवता चार पावलं मागं सरली. मी नाही सरले.

त्यानं माझ्या हातातनं क्लॅरोनेट ओढून घेतलं, रुमालानं पुसलं, सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला.

"मावशी, लेकीचं लग्न बेसूर करतासा व्हय? सरा बाजूला!"