मिस्सेआधीचं पाणी

आमच्या गावात मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सकाळी सातला असायची. आदल्या रात्री बारानंतर तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सकाळी चर्चमध्ये पाद्रींच्या हातून ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घ्यायची आणि मग घरी येऊन चहा-भाकरी. हा नियम आईनं मला अक्षरं यायच्या आधी शिकवला.

पासष्टच्या आसपासचा मे महिना असेल. बेळगावकडच्या त्या लहान गावातून बी.एस्सी. होऊन मी बंगळूरच्या एका कारखान्यात लागलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी पाहिलं ते गावच्या पाद्रींनी पुस्तकं दिली, शिफारसपत्र दिलं म्हणून. त्यामुळे कॅथलिक कुटुंबांसाठी आठवड्याचं शिबिर आहे असं चर्चमध्ये जाहीर झालं, तेव्हा मी लगेच बायको, लहान मुलगी आणि गावाहून आलेली आई अशी सगळ्यांची नावं दिली. चर्चनं बोलावलं की जायचं, एवढंच मला कळत होतं.

शिबिर शहराबाहेर व्हाइटफील्डच्या एका शाळेत, सुटीत रिकाम्या झालेल्या वर्गांत होतं. तिथलं काहीच मला नीट उमगत नव्हतं. वेदी भिंतीपासून सुटी करून पुढे आणली होती आणि फादर पूर्वीसारखे पाठमोरे नव्हे, तर आमच्याकडे तोंड करून उभे राहत. लहानपणी घोकलेली मिस्सेतली लॅटिन उत्तरं माझ्या जिभेवर यायची, तोवर बाकीचे इंग्रजीत उत्तर देऊन मोकळे झालेले असत. जेवण वाढायचं काम आठवडाभर पुरुषांचं, आणि बायकांनी पंगतीत बसायचं. मी भाताची बादली घेऊन आलो की बायको शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, "घरी स्वतःचा पेला उचलत नाहीत. इथं बघा कसे वाकताहेत."

आईला हे मुळीच रुचलं नाही. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "लेकानं वाढायचं आणि मी बसून खायचं? बघणारे काय म्हणतील?" तरी दोन दिवस ती मान खाली घालून जेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाआधीच फळ्यावर लिहिलं होतं : मिस्सा, संध्याकाळी सहा. मी ते वाचलं आणि आईला सांगितलं. दुपारी पंगतीत तिनं पानावर हात आडवा धरला. "मला नको. तू पुढं जा." मला वाटलं, माझ्या हातून घ्यायला लाजते आहे, मागाहून बायकांबरोबर जेवेल. मी पुढं गेलो.

पावणेपाचला बायको शोधत आली. "अहो, आई बाकावर बसल्यात. उठायला गेल्या की तोल जातोय."

झाडाखालच्या बाकाची कड आईनं घट्ट धरली होती. ओठ सुकले होते.

"रात्रीपासून काही खाल्लं नाहीस?"

"प्रसाद घ्यायचा आहे ना संध्याकाळी?"

"पाणी?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की हा शिकला तरी काय?

नियम बदलल्याचं मी कधीतरी चर्चच्या इंग्रजी पत्रकात वाचलं होतं. पण आमची मिस्सा नेहमी सकाळची, म्हणून तिला सांगायची वेळच आली नव्हती. शिवाय माझी खात्रीही नव्हती. मी फादरांना बोलावून आणलं. ते मंगळूरचे, तरुण होते. तिच्याशी कानडीत बोलले. पाण्यानं उपवास मोडत नाही, दहा-बारा वर्षं झाली. खाणंसुद्धा फक्त तासभर आधी थांबवायचं. "अजून वेळ आहे अम्मा, स्वल्प गंजी घ्या," असं म्हणून ते तांदळाची पेज आणायला स्वयंपाकघराकडे गेले. बायकोनं पेलाभर पाणी आणून दिलं.

आईनं पेला हातात धरला, पण प्यायली नाही.

"तुला आठवतं?" तिनं विचारलं.

आठवत होतं. लहानपणी माझ्या पहिल्या प्रसादाच्या सकाळी मी दात घासताना घोटभर पाणी प्यायलो होतो आणि वाटेत तिला सांगून टाकलं होतं. वेदीकडे जाणाऱ्या मुलांच्या रांगेतून तिनं मला बाहीला धरून बाहेर काढलं. पांढऱ्या सदऱ्यात मी मागच्या बाकावर बसून राहिलो. माझा पहिला प्रसाद पुढच्या वर्षी झाला.

"मग तेव्हा मी तुला उगाच थांबवलं?"

"तेव्हा नियम तसाच होता, आई."

"पाणी तेच ना रे? तेव्हा पाप आणि आता नाही, असं कसं? तू शिकलास, तू सांग."

मी काहीतरी सांगू लागलो. रोमहून आदेश येतो, पोप ठरवतात, असं. माझं मलाच ते पटत नव्हतं.

"तू त्या दिवशी रडला नाहीस," ती म्हणाली. "रडला असतास तर बरं झालं असतं."

मग ती अर्धा पेला पाणी प्यायली, हळूहळू, औषध घ्यावं तसं. उरलेला पेला तिनं माझ्यापुढे धरला.

"हे तू पी."

मला तहान नव्हती. मी प्यायलो.

गंजी आली, तिला तिनं हात लावला नाही. सहाला घंटा झाली. प्रसादाच्या रांगेत ती माझ्यापुढे उभी होती. मध्येच बाजूला झाली आणि पाठीला हात लावून तिनं मला पुढे केलं. फादरांनी प्रसाद पुढे धरून काही शब्द म्हटले. त्यावर काय उत्तर द्यायचं, हे तेव्हाही मला सुचलं नाही. मी नुसतं तोंड उघडलं. तिचा हात अजून माझ्या पाठीवर होता.