देवरे मॅडमचा हलका हात

देवरे मॅडम कोणताही नमुना यंत्रात ठेवण्याआधी एक डोळा मिटायच्या आणि गवंडी भिंतीकडे बघतो तसं साच्यातल्या भुकटीकडे आडवं बघायच्या. भुकटी कडेपेक्षा केसभर वर राहिली, तरी आलेखावरची सगळी शिखरं जागेवरून सरकतात, म्हणून ही कसरत. त्यांची उंची चार फूट दहा इंच, त्यामुळे फार वाकावं लागत नसे. जमलं की टाळी वाजवून म्हणायच्या, "बसलं शे!" मूळच्या सटाण्याच्या. आनंद झाला की त्यांच्या बोलण्यातला 'आहे' पळून जायचा आणि अहिराणी 'शे' यायचा.

अंबडच्या एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेत मी त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागलो. काम सांगायला सोपं. भुकटीवर क्ष-किरण सोडायचे, आलेखावर शिखरं उठतात, त्यांवरून आतले स्फटिक कोणते ते ओळखायचं. मी आकड्यांचा माणूस. घरी सिलिंडर किती दिवस चालला तेही मी कॅलेंडरवर लिहितो. मॅडमना याचं फार हसू यायचं. "भाऊ, यंत्र खोटं बोलत नाही. पण आपण त्याला काय भरवलं, तेही ते सांगत नाही."

एकदा मॅडम भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या आणि मी एकटाच होतो. गांगुर्डे नावाचे एक छोटे कारखानदार औषधाच्या कच्च्या मालाचा नमुना घेऊन आले. पदार्थ तोच, पण स्फटिकांचा प्रकार वेगळा असावा, अशी त्यांच्या ग्राहकाला शंका होती. ती खरी ठरली तर त्यांची पहिली मोठी खेप परत येणार होती. "चौदा माणसं आहेत माझ्याकडे, साहेब," एवढंच बोलून ते बाहेर बाकावर बसले.

मी भुकटी साच्यात भरली आणि काचपट्टीने दाबून आरशासारखी गुळगुळीत केली. आलेख आला तर एक शिखर हवं त्याच्या सहापट उंच! पुन्हा भरली, पुन्हा तितकीच दाबली. असं तीनदा केलं. ६.१, ६.२, ६.१. इतके जुळणारे आकडे बघून, खरं सांगतो, मला आनंदच झाला. 'प्रकार वेगळा' असा अहवाल टाइप केला. सही तेवढी बाकी होती.

तेवढ्यात मॅडम आल्या. कोपरापर्यंत मेंदी, हातात लग्नातल्या चिवड्याचा डबा. पडद्याकडे बघून त्या इतक्या हसल्या की उचकी लागली.

"तीनदा दाबलं का रे भाऊ?"

"हो. अगदी सारखंच."

"मग तीनदा सारखंच चुकलं!" त्यांनी डब्याच्या झाकणात चिवडा ओतला आणि तळव्याने दाबला. "बघ, पोहे सगळे आडवे झाले. या भुकटीचे स्फटिक असेच चपटे आहेत. तू दाबलं, ते झोपले. मग यंत्राला नुसत्या पाठी दिसणार! आणि प्रकार बदलला तर शिखरांच्या जागा बदलतात, म्हणून आधी जागा बघायची, मग उंची. एक तरी शिखर नव्या जागी आहे का?"

नव्हतं. मी उंचीच मोजत बसलो होतो.

मॅडमनी बारीक चाळणीतून भुकटी साच्यात भुरभुरवली, कुठेही न दाबता. एक डोळा मिटून बघितलं आणि यंत्र सुरू केलं. आलेख पुरा व्हायला वीस मिनिटं होती. गांगुर्ड्यांनाही आत बोलावलं. आम्ही तिघं चिवडा खात पडद्यापुढे शेवटची ओव्हर बघावी तसे उभे.

"हे वर चाललंय ते चांगलं की वाईट?" गांगुर्डे.

"थांबा हो!" मॅडम.

शिखर चढलं, चढलं आणि हवं तिथेच थांबलं. "थांबलं शे! थांबलं शे!" मॅडम मेंदीच्या हातांनी टाळ्या वाजवायला लागल्या. कशासाठी ते न कळताच गांगुर्डेही वाजवायला लागले. मी सहीसाठी पेन काढलं, तर मॅडमनी ते खिशात परत खोचलं. "मनासारखं आलं ना? मग आता पुन्हा करायचं." नव्याने भरून दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच आलं. मग मात्र गांगुर्डे खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे हसत सुटले.

त्यांना निरोप देऊन मी गुपचूप माझे तीन आलेख पुसायला गेलो. मॅडम मागे उभ्याच होत्या.

"पुसायचे नाहीत. नोंदवहीत लिही. काय केलं, का चुकलं."

मी सगळं लिहून खाली सही केली. मॅडमनी वाचून पाहिलं. "अक्षर काय सुंदर शे तुझं! चूक वाचायलासुद्धा बरं वाटतं."

सहा महिन्यांपूर्वी त्या निवृत्त होऊन सटाण्याला गेल्या. आता यंत्र माझ्याकडे आहे. नवीन माणूस आला की यंत्राच्या आधी मी त्याला ते पान दाखवतो. वाचून झालं की जवळजवळ प्रत्येक जण हसून विचारतो, "सर, हा कोण होता हो?"

"खाली सही आहे," मी म्हणतो. "वाचा."