घराणं बघून आणलेलं पिल्लू

मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली आणि शिरड शहापूरच्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. आमचे हे त्याच्या आधीच गेले होते. दिवसभर शाळेत तिसरीच्या पोरांवर घसा ताणायचा आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत आलं, की बोलायला चिटपाखरू नाही. रेडिओ लावून बघितला. पण तो मेला आपलंच बोलतो, आपलं कुठं ऐकतो!

आणि मला बोलायचं होतं. हे पंचेचाळिशीत छातीत कळ येऊन गेले. त्यांचे वडील तसेच गेले होते, थोरले भाऊही तसेच. मुलीचं लग्न झाल्यावर कधीतरी वर्तमानपत्रात वाचलं, की असलं दुखणं रक्तातून उतरतं आणि मुलींनाही सोडत नाही. तिला सांगायला हवं होतं, की बाई गं, एकदा तपासून घे. पण तिच्या सासरचा फोन बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या मधोमध. नव्या सुनेच्या माहेरचं असं काही कळलं तर ती माणसं काय म्हणतील, या धाकानं माझी जीभ उचलायची नाही. दर रविवारी पाऊसपाण्याचं बोलून मी फोन ठेवून द्यायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

शेवटी कुत्रं आणायचं ठरवलं. गावात कुत्र्यांना काय तोटा होता? पण गावातलं कुत्रं आज माझ्या दारात, उद्या मटणाच्या दुकानापुढं. मला फक्त माझं असं हवं होतं. नांदेडला एक जण जातिवंत कुत्री पाळून पिल्लं विकायचा. त्याच्याकडं गेले. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली डाल्मेशियनची पिल्लं अंगणात नुसता धिंगाणा घालत होती. एकच कोपऱ्यात निवांत झोपलेलं. मी उचललं तेव्हा त्यानं डोळे उघडले, तर एक काळा आणि एक निळा.

"मॅडम, लाखात एक आहे," तो म्हणाला. "खानदान बघा याचं. आजा चॅम्पियन, पणजा चॅम्पियन. हा घ्या कागद."

मी कागद वाचला. तीन पिढ्यांची इंग्रजी नावं होती. शांत आहे, घराणं चांगलं आहे, आणखी काय बघायचं? पिशवीत टॉवेल घालून एसटीनं घेऊन आले.

गावात त्याचा फार बोलबाला झाला. शेजारीण भिंतीवरून म्हणायची, "बाई, तुमचं कुत्रं लईच घमेंडी हाय. मी कवापासून हाका मारून राहिले, पण मान बी वळवत न्हाई."

"जातिवंत आहे ते. कुणाच्याही हाकेला येईल का?" मी ठसक्यात सांगायची.

"व्हय, ते बी खरंच म्हणा. खानदानी माणसाचं बी तसंच ऱ्हातंय."

एकदा दारावरून वरात गेली. बँडवाल्यानं मुद्दाम आमच्या दारात थांबून ढोल बडवला. गावातली कुत्री शेपूट घालून पळाली आणि आमचा हा उंबऱ्यावर खुशाल झोपलेला! लोक तोंडात बोटं घालायचे. मी तर काय, जणू माझंच घराणं चॅम्पियन असल्यासारखी मान ताठ करून उभी होते.

संध्याकाळी मी ओसरीत बसायची. तो गुडघ्यावर हनुवटी टेकून माझ्या तोंडाकडं टक लावायचा. इतकं मन लावून माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं, ह्यांनी तर नाहीच नाही. मग मी त्याच्यापुढं सराव करायला लागले. "हे बघ, घाबरायचं नाही. तुझ्या बाबांना जे होतं ना..." तिथपर्यंत नीट जायचं आणि पुढं आवाज फाटायचा. पुन्हा पहिल्यापासून. तो मनगट चाटायचा. होता होता एक दिवस सगळं न रडता सांगून झालं. इतकं हलकं वाटलं, की वाटलं, झालं, अर्धं काम झालं.

पण पुढच्या रविवारी फोनवर पुन्हा पाऊसपाणीच झालं.

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून घरी आले. तो दाराकडं पाठ करून झोपला होता. हाक मारली, हलला नाही. पुन्हा मारली. माझ्या आवाजाला तिसरीची पोरंच काय, हेडमास्तरसुद्धा दचकतात. तरी हा गप्प. हातातला डबा निसटून फरशीवर आदळला, तरी कान हलला नाही. गेला असं वाटून मी धावत जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. तसा तो केवढा तरी दचकून उठला, मला बघितलं आणि आनंदानं नाचायला लागला.

परभणीला जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी त्याच्या मागं उभं राहून स्टीलच्या ताटलीवर चिमटा हाणला. दवाखान्यातली सगळी जनावरं बिथरली, हा माझ्याकडं बघत शेपूट हलवत राहिला.

"जन्मापासूनच बहिरा आहे," ते म्हणाले. "दोन्ही कानांनी. या जातीत असतं असं, निळा डोळा असला की जास्तच. ह्याच्या आईबापांत, भावंडांत कुणी बहिरं होतं का? घेताना विचारलं होतं?"

मला एकदम माझं लग्न ठरताना मी ऐकलेलं सगळं आठवलं. माझे वडील चार माणसं घेऊन ह्यांच्या घरी गेले होते. शेती किती, नोकरी कायमची का, गोत्र कोणतं, सोयरीक कुणाकुणाशी, सगळं खोदून खोदून विचारलं. सासू, चुलत सासू आणि थोरली जाऊ, तिघी विधवा. त्यांनीच चहा आणून दिला म्हणे. वडील घरी येऊन कौतुकानं सांगत होते, की बाया फार सोशिक आहेत. या घरातले पुरुष कशानं जातात, हे पाच जणांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण राग काढणार कुणावर?

घरी येऊन नांदेडला फोन लावला. तो माणूस शांतपणे म्हणाला, "घेऊन या मॅडम, बदलून देतो."

"आणि ह्याचं काय कराल?"

"ते आमचं आम्ही बघतो ना. तुम्हाला काय करायचंय?"

"मेल्या, तुझा कागद चुलीत घाल!" म्हणून मी फोन आपटला.

तो पायाशी बसून माझ्या तोंडाकडं बघत होता. ओसरीतल्या इतक्या संध्याकाळी त्यानं अशाच बघण्यात काढल्या होत्या. म्हणजे ते दुखण्याचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं. या विचारानं इतकं एकटं वाटलं, की हे गेले त्या दिवशीही तेवढं वाटलं नव्हतं. रविवारची वाट न बघता मी तसाच नागपूरचा नंबर फिरवला. बैठकीत कोण बसलंय हेही विचारलं नाही. बाबांचं, आजोबांचं, काकांचं, सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाले, "उद्याच्या उद्या तपासून घे. तुझ्या घरच्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत."



"आई, तपासलंय गं," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षीच. दम लागायचा म्हणून ह्यांनीच नेलं होतं. तेच निघालं. गोळी चालू आहे. सासूबाई रोज हातावर ठेवतात, चुकू देत नाहीत. इथं सगळ्यांना माहीत आहे. तू तिकडं एकटी, म्हणून तुला तेवढं सांगू नका, असं मीच म्हटलं होतं."

पोरीला जपणारी माणसं मिळाली होती, देवापुढं साखर ठेवावी अशी गोष्ट. ती मी ठेवलीही. मग ओसरीत बसून खूप रडले, कारण तिच्या दुखण्यात सगळं घर होतं आणि मी तेवढी नव्हते.