खालची ओळ

ऐंशीच्या सुमारास मी वज्रेश्वरीहून एसटीने भिवंडीला ड्युटीवर यायचो. अंबाडीला एक ख्रिस्ती मास्तर चढायचे आणि शेजारी बसून बायबल वाचत वहीत टिपणं काढायचे. एकदा मी देवीचा प्रसाद पुढे केला. त्यांनी पानावरच्या ‘मूर्तीला वाहिलेलं खाऊ नका’ अशा एका ओळीवर बोट ठेवून नकाराची मान हलवली. मला लागलं. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला एक साखरफुटाणा जड झाला! पुन्हा मी विचारलं नाही.

वर्षं गेली, त्यांच्या वह्या बदलत राहिल्या. एका मंगळवारी मी प्रसादाची पुडी सोडली, तर त्यांनीच हात पुढे केला.

“आता चालतो?”

साखरफुटाणा चघळत ते म्हणाले, “ती ओळ अजून तिथेच आहे हो. पण तिच्या खालच्या ओळीत समोरच्याचं मन जपायला सांगितलंय. ती वाचायला मला बारा वर्षं लागली.”